सकाळी पावणेअकराची धडधड: साखर की चिंता?

ओझरची_लेक

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज आली.

वय 34. नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, सकाळची पाळी. ओझरहून कंपनीची बस पहाटे 5:50 ला. निघताना चहा आणि तीन टोस्ट, तेवढंच घशाखाली उतरतं. नऊला कॅन्टीनचा चहा आणि बिस्किटाचा छोटा पुडा. मग पावणेअकराच्या सुमाराला छातीत धडधड सुरू होते. तळहात ओले होतात. पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतं आणि काहीतरी वाईट घडणार आहे अशी खात्रीच होते, कारण काहीही नसताना. गेल्या आठवड्यात व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायचं साधन, हातात होता. तपासायच्या भागावर टेकवला तर त्याचे जबडे थरथरताना दिसत होते, माप घेताच येईना. शेजारच्या मुलीने न बोलता तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः माप लिहिलं. त्या क्षणी रडू आलं.

साडेअकराला डबा खाल्ला की अर्ध्या तासात माणसात येते. त्यामुळे नवरा म्हणतो, तुझी शुगर लो होते. बहीण म्हणते, तू टेन्शन घेतेस. उपाशीपोटी साखर 92 आली, एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 5.4. दोन्ही नॉर्मल. मग हे काय आहे? खाण्यामुळे जीव असा घाबरा होऊ शकतो का? कुणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

सातपूरकर

ताई, अगदी हेच. फक्त माझी वेळ संध्याकाळी साडेपाचची. वाचतोय.

रेवती_कॉलेजरोड

होतं. माझं होत होतं आणि खाणं बदलल्यावर पुष्कळ कमी झालं, म्हणून ठामपणे लिहिते.

चहा-टोस्ट म्हणजे मैदा आणि साखर, वर पुन्हा साखर. रक्तातली साखर भरभर चढते, ती उतरवायला इन्सुलिन धावतं, कधी जरा जास्तच धावतं. मग दोन-चार तासांनी साखर घसरते आणि शरीर घाबरून अ‍ॅड्रेनलिन सोडतं. धडधड, घाम, कंप ही सगळी त्याचीच कामं. भीती वाटते तेव्हाही तेच रसायन असतं, त्यामुळे मनाला वाटतं की आपण घाबरलोय.

मी काय केलं ते सांगते. रात्री मूग भिजत घालते, सकाळी त्याची दोन धिरडी, सोबत दही किंवा एक अंडं. घाई असेल तर मूठभर शेंगदाणे आणि फुटाणे पर्समध्ये. चहा घेते, पण खाल्ल्यानंतर आणि अर्धा चमचा साखर घालून. पंधरा दिवसांत फरक जाणवला. जेवतानाही आधी कोशिंबीर आणि उसळ खाते, पोळी-भात मागून. जेवल्यावर गंगापूर रोडला दहा-पंधरा मिनिटं चक्कर मारते. या दोन्हींनी जेवणानंतरची साखर कमी उसळते.

डॉ_गोदाकाठ

रेवतीताईंनी यंत्रणा बरोबर सांगितली आहे, फक्त एक पायरी सुटली. साखर खरोखर खाली गेली होती का, हे कुणी मोजलंय?

मी नाशिकमध्येच फिजिशियन आहे. 'खाल्लं नाही की थरथरतं' म्हणणारे पेशंट आठवड्याला दोन-तीन तरी येतात. त्यातल्या बहुतेकांची त्या वेळची साखर मोजली तर 80, 90, 105 अशी निघते. त्रास खोटा नसतो, अजिबात नसतो. त्याचं कारण मात्र वेगळं असतं. अमेरिकेत एके काळी ज्याला त्याला लो शुगरचं लेबल लागायला लागलं होतं. शेवटी 1973 साली तिथल्या मोठ्या वैद्यकीय संघटनांना एकत्र निवेदन काढून सांगावं लागलं की हा आजार लोक समजतात तितका सर्रास नाही.

साखर कमी झाली हे म्हणायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. ही कसोटी अ‍ॅलन व्हिपल नावाच्या सर्जनने 1938 मध्ये मांडली आणि आजही तीच वापरतो. लक्षणं हवीत, नेमकी त्याच वेळी मोजलेली साखर कमी हवी, आणि साखर वर आल्यावर लक्षणं जायला हवीत. साधारण 70 च्या खाली गेली तर लक्ष द्यायचं, 54 च्या खाली म्हणजे गंभीर. उपाशीपोटीच्या 92 वरून पावणेअकराला काय होतं ते कळत नाही, तीन महिन्यांच्या सरासरीवरून तर नाहीच.

म्हणून ओझरच्या ताई, एक ग्लुकोमीटर पर्समध्ये ठेवा. धडधड सुरू झाली की खाण्याआधी पट्टी लावा. आकडा, वेळ, आधी काय खाल्लं आणि त्या वेळी काय चाललं होतं, हे चारही लिहा. तीन आठवडे करा, मग बोलू.

निफाडकर

डॉक्टरसाहेब, मोजताना हात धुवायला सांगा सगळ्यांना! गेल्या वर्षी छाटणी-खुडणीच्या दिवसांत मला बागेत चक्कर आल्यासारखं झालं. पुतण्याने तिथेच बोट टोचलं. आकडा आला 268. घरात रडारड. दवाखान्यात सिस्टरने आधी हात साबणाने धुवायला लावले, पुन्हा मोजलं तर 108. सकाळपासून द्राक्षं हाताळत होतो, बोटं चिकट झालेली. यंत्राने द्राक्षाची साखर मोजली. तोवर तासभर जी छाती धडधडली ती निव्वळ त्या आकड्याने!

डॉ_गोदाकाठ

@निफाडकर, एक नंबर उदाहरण. फळ कापलं, पेढा खाल्ला, हात नुसता पुसला तरी हे होतं. पाणी आणि साबण, मग हात पूर्ण कोरडा करायचा.

बापू_सिन्नर

आमच्या वेळी न्याहारीला बाजरीची भाकरी, ठेचा आणि ताक. बारा वाजेपर्यंत नांगर धरला तरी हात थरथरत नव्हता. पेठ-सुरगाण्याकडे अजून नागलीची भाकरी खातात, बघा ती माणसं कशी काटक. टोस्ट-बिस्किटांनी वाटोळं केलं. धडधड म्हणे.

मुक्ता_म

बापूकाका, तुमचा मान राखून सांगते, 'धडधड म्हणे' हे वाचून मला फार लागलं.

माझं एक वर्ष याच 'शुगर लो' ने खाल्लं. पहिला झटका द्वारका चौकात, सिग्नलला, स्कूटीवर. श्वास पुरेना, हात बधिर, आता मरणार असं वाटलं. कुणीतरी रसवंतीवरून उसाचा रस आणून दिला. दहा मिनिटांत बरं वाटलं. झालं, घरच्यांनी ठरवलं की साखर कमी झाली होती. त्यानंतर मी पर्समध्ये ग्लुकोजची पावडर घेतल्याशिवाय घराबाहेर पडेना. मग पावडर असूनही पडेना. दर दोन तासांनी खात होते, नऊ किलो वाढले. तपासण्यांवर तपासण्या झाल्या, कुठेच काही नाही. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, 'पोरी, रसाने बरं वाटलं की दहा मिनिटं गेली म्हणून?'

ते पॅनिक अटॅक होते. असा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपणहून उतरू लागतो. उसाचा रस प्या, पाणी प्या, काहीही पिऊ नका, तो उतरतोच. मी वर्षभर त्याचं श्रेय साखरेला देत राहिले आणि प्रत्येक वेळी भीती आणखी पक्की होत गेली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. काही महिने गोळी आणि समुपदेशन दोन्ही चाललं. द्वारका चौकातून पुन्हा गाडी नेण्याचा सराव टप्प्याटप्प्याने करून घेतला त्यांनी. आज रोज जाते तिथून.

ओझरच्या ताई, मला तुमच्याकडून एकच जाणून घ्यायचंय. रविवारी होतं का हे? घरी, तोच चहा, तेच टोस्ट?

रेवती_कॉलेजरोड

मुक्ता, वाचून गलबललं. पण मला खरंच खाण्याने फरक पडलाय गं, तेही खरं आहे.

मुक्ता_म

असणारच ताई. मला तुमचं खोडायचं नाही. फक्त कुणी माझ्यासारखं वर्ष घालवू नये.

बापू_सिन्नर

मुक्ताताई, चुकलं माझं. शब्द मागे घेतो. भाकरीचं मात्र तेवढं ऐका.

सातपूरकर

गंभीर चर्चेत घुसतोय, माफी असावी. पण नाशिककर म्हणून विचारणं भाग आहे. मिसळ कुठल्या खात्यात टाकायची?

निफाडकर

पुण्याच्या खात्यात! 😀

रेवती_कॉलेजरोड

मटकी चांगली आहे. मोड आलेली, प्रथिनं आहेत, चोथा आहे. घात करतात ते सोबतचे चार पाव आणि वरून मागवलेली जिलेबी. मी एक पाव घेते, दही घेते, रस्सा पुन्हा पुन्हा. गंगापूर धरणाच्या बाजूला चुलीवरची खाऊन आलो की नंतर चालतो. चाललं नाही तर तासाभरात डोळे मिटायला लागतात.

ओझरची_लेक

आणि उपासाची साबुदाणा खिचडी? मी सोमवार करते.

रेवती_कॉलेजरोड

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घाल, दही घे, जमलं तर त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी. आमच्याकडे आई राजगिऱ्याची भाकरी करायची उपासाला, पोटाला धरून राहते.

पंचवटीतली_सून

उपासाचा विषय निघालाच आहे तर हे लिहायलाच हवं. सासऱ्यांचं वय 76. मधुमेहाच्या गोळ्या चालू, त्यातली एक इन्सुलिन वाढवणारी. मागच्या एकादशीला त्यांनी उपास धरला, दुपारी थोडी फळं, बाकी काही नाही. गोळी मात्र नेमाने घेतली. संध्याकाळी रामकुंडावरून आरती करून आले तेच तणतणत. 'घरात कुणीतरी माझ्या वाईटावर आहे' म्हणाले. येरझाऱ्या घालत होते, सदरा पाठीला चिकटलेला. आम्हाला वाटलं, वय झालं, चिडचिड वाढलीय. मी पाणी द्यायला गेले तर हाताला हात लागला. गार आणि ओला. तेव्हा डोक्यात लखकन आलं. मोजलं तर 52.

तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, 74. मग वरण-भात दिला. जेवता जेवता माझ्याकडे बघून म्हणाले, 'सूनबाई, मघाशी काय बोललो गं मी?' त्यांना काहीच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. म्हणजे मुक्ताताईंचं खरं आहे आणि हेही खरं आहे. घरात मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भीती, संशय, चिडचिड यांना स्वभाव म्हणण्याआधी बोट टोचा.

डॉ_गोदाकाठ

पंचवटीच्या ताईंनी जे केलं ते तंतोतंत बरोबर. 15 ग्रॅम साखर, 15 मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट 108 ला, रुग्णवाहिकेला फोन. आणि या गोळ्यांनी घसरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून त्या रात्री लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं.

आणखी एक. रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना साखर उतरली तरी धडधड आणि कंप जाणवत नाही. घाम मात्र येतो. ती खूण लक्षात ठेवा.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जा घेतो सुमारे 20 टक्के, आणि तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. पुरवठा घटला की आधी धोक्याची घंटा वाजते, पुढे विचार भरकटतात. आजोबांना आठवलं नाही ते त्यामुळेच.

स्नेहल_इंदिरानगर

माझी धडधड थायरॉइडची निघाली. भूक दणकून, वजन उतरतंय, कंप, उकाडा सहन होईना. आठ महिने खारीक-बदाम खात बसले होते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या.

नाशिकरोडवाला

मी दंडावर लावायचा तो सेन्सर घेतला होता, 14 दिवसांचा. मधुमेह नाही, नुसती उत्सुकता. पहिले चार दिवस मजा वाटली. पाचव्या रात्री तीन वाजता मोबाइल किंचाळला, साखर 58. ताडकन उठून बसलो, घामाने भिजलो, बायकोला उठवलं, गूळ खाल्ला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. नंतर कळलं की त्या दंडावर झोपलं की दाब पडून आकडा खोटा कमी येतो. शिवाय तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. पण तोवर मला झोपायचीच धास्ती बसली. दर वीस मिनिटांनी आकडा बघायचो. बाराव्या दिवशी काढून टाकला तेव्हा हलकं वाटलं.

ज्यांना गरज आहे त्यांना तो वरदान आहे. माझ्या मेहुणीच्या मुलीला टाइप 1 आहे, तिची आई त्याच्यामुळे रात्री झोपू शकते. पण आधीच काळजी करणाऱ्या माणसाने हौसेने लावू नये असं मला मनापासून वाटतं.

सातपूरकर

चहाबद्दल कुणीच बोललं नाही. मी मोजले, दिवसाला सात कप. साडेपाचच्या आधीच्या दीड तासात त्यातले तीन.

डॉ_गोदाकाठ

मग तुमचं निम्मं उत्तर तिथेच आहे. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास घेतं, म्हणजे कप एकावर एक साठत जातात. धडधड, कंप, अस्वस्थपणा सगळं त्याने होतं. एकदम बंद करू नका, डोकं दुखेल. दर तीन दिवसांनी एकेक कप कमी करा.

ओझरची_लेक

मंडळी, तीन आठवडे झाले. उशीर झाला, पण वही पूर्ण भरून आलेय.

एकूण अकरा वेळा धडधड झाली आणि अकराही वेळा हात धुऊन, खाण्याआधी मोजलं. निफाडकर काका, कॅन्टीनच्या बेसिनवर दर वेळी तुमची आठवण आली. आठ वेळा आकडा 84 ते 110 च्या मध्ये. दोनदा सत्तरीत, 73 आणि 77. एकदाच 64, तो सोमवार होता. सकाळी फक्त गोड चहा आणि केळं, नऊला पुन्हा चहा. त्या दिवशी चार चमचे साखर घेतली, पंधरा मिनिटांत हात स्थिर झाला.

म्हणजे अकरातला एक. मला वाटलं होतं अकराच्या अकरा तसेच निघतील.

आता मुक्ताताईंचा रविवार. तीनही रविवारी मुद्दाम तोच चहा, तेच तीन टोस्ट घेतले, नऊला बिस्किटंही. पावणेअकराला भाजी निवडत बसले होते. काहीही झालं नाही. मग वहीचा चौथा रकाना पुन्हा वाचला, 'त्या वेळी काय चाललं होतं' तो. त्या आठांपैकी सात वेळा एकच नोंद आहे: अकराची मीटिंग. आमच्याकडे रोज अकराला रिजेक्शनची, म्हणजे नापास झालेल्या मालाची, मीटिंग असते आणि आठवड्यातून दोन-तीनदा मला उभं राहून आकडे वाचावे लागतात. फेब्रुवारीत तिथे सगळ्यांसमोर एकदा फार बोलणी खाल्ली होती, माझी चूक नसताना. मी ते विसरले आहे असं मला वाटत होतं.

साडेअकराच्या डब्याने बरं वाटायचं, कारण तोवर मीटिंग संपलेली असायची.

तरी रेवतीताई, धिरडी सुरू केली आहेत आणि कॅन्टीनच्या चहाला साखर अर्धी. भुकेची ती खड्डा पडल्याची भावना गेली, डोकं जड होत नाही. मीटिंगच्या दिवशी धडधड येते अजून, पण पोट भरलेलं असलं की ती एकटी येते. थरथर तेवढी नसते. टीएसएच केलं, नॉर्मल आहे. सोमवारचा उपास सोडला नाही, पण भगर-आमटी सकाळी करून डब्यात नेते.

डॉ_गोदाकाठ

ही वही तुमच्या डॉक्टरांना जशीच्या तशी दाखवा. इतकी स्वच्छ नोंद मला महिन्यातून एकदा दिसते. त्या एका 64 वरून औषध लागत नाही. लांबचा उपाशीपणा टाळा, न खाता पुन्हा पुन्हा कमी आली तर मात्र तपासायला हवं. अकराच्या मीटिंगसाठी समुपदेशकाकडे जा, तेही उपचारच आहेत.

मुक्ता_म

फेब्रुवारी वाचून पोटात तुटलं. ताई, मी जाते त्या समुपदेशक शनिवारी दुपारीही भेटतात, तुमच्या पाळीनंतर जमेल. खासगी निरोप पाठवते. आणि व्हर्नियर हातातून घेणाऱ्या त्या मुलीला सांगा एकदा सगळं. मी माझ्या मैत्रिणीला सांगितलं त्या दिवसापासून निम्मं ओझं उतरलं.

ओझरची_लेक

सांगितलं, कालच. ती म्हणाली, तिला शुक्रवारी होतं.

बापू_सिन्नर

लेकी, बाजरी नवी आली की पाच किलो पाठवतो. नाही म्हणायचं नाही.

सायंतारा

मी नाशिकरोडहून. सभासद आजच झाले. मुलगा बारावीला आहे, क्लासला जाताना रोज उलटी होते, हात गार पडतात. आम्ही दोन महिने त्याला ग्लुकोज पाजतोय. हा धागा काल रात्री दोनदा वाचला. सकाळी त्याच्याजवळ बसले आणि विचारलं, रविवारी का रे होत नाही? तो बराच वेळ गप्प बसला, मग बोलला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला, मराठीत बोलले, वीस मिनिटं बोलले. गुरुवारी त्याला घेऊन डॉक्टरांकडे जातेय. साखरही मोजून घेणार आहे, हात धुऊन.

ओझरची_लेक

ताई, गुरुवारी काय झालं ते इथे लिहा. मी दुपारी तीनला घरी असते.